हिरव्या गोळ्या

लोटन नाना कुठल्याच व्यसनाला कधी शिवले नव्हते, आणि ही गोष्ट ते कोणाला विसरूही देत नसत. तंबाखू नाही, विडी नाही, सुपारी नाही. चहासुद्धा त्यांनी मुलाच्या, भूपेंद्रच्या, बारशाला सोडला तो सोडलाच. लग्नाच्या पंगतीत नाना शेजारी बसले की माणसं पानाचा विडा खिशात ठेवायची आणि घरी जाऊन खायची. त्यांच्या गावात, असोद्यात, शिरताना डाव्या हाताला व्यसनमुक्तीची पाटी आहे, तिच्यावर अध्यक्ष म्हणून नानांचं नाव आहे, आणि दर दिवाळीला नाना ते नाव पुन्हा रंगवून घेतात. बाकीच्यांची नावं पावसानं उडून गेली आहेत. त्याबद्दल नानांची काही तक्रार नाही.

ही पाटी लागली त्याच वर्षी महाशिवरात्रीला नानांनी एक पराक्रम केला होता. महादेवाच्या देवळामागं चिंधा आणि त्याचं भजनी मंडळ दरवर्षी ठंडाई घोटायचं. बदाम, बडीशेप, मिरी, खसखस आणि देवाची म्हणून भांगेची पानं. संध्याकाळी घोट घोट प्रसाद वाटला जायचा आणि मग भजन असं रंगायचं, की पखवाजवाल्याला थांबायचं कुठं तेच आठवत नसे. नानांनी ती पितळी घागर उचलली आणि सगळ्यांदेखत गटारीत पालथी केली. पुढचं नाना कधी सांगत नाहीत, म्हणून आपण सांगू. ती गटार वाहत गेली नानांच्याच गोठ्यापाशी. तिथं त्यांची म्हैस ती बदामाची ठंडाई चाटूनपुसून प्याली, आणि दोन दिवस भिंतीकडे बघत, रवंथ करायचं विसरून, मोठ्या समाधानानं उभी राहिली. दूध काही दिलं नाही.

चिंधा आणि नाना शाळेत एका बाकावर बसलेले. त्या दिवसापासून चिंधानं नानांच्या ओट्यावर पाय ठेवला नाही. आणि जन्मभर 'लोटन' म्हणणारा तो माणूस लोकांसारखा 'नाना' म्हणायला लागला, ते नानांना जास्त लागलं. पण बोलून दाखवतील तर ते नाना कसले!

यंदा उन्हाळ्यात नानांच्या बायकोच्या, सुमनबाईंच्या पोटात गाठ निघाली. जळगावात ऑपरेशन झालं, गाठ काढली आणि किमो सुरू झाली. गाठ वेळेत सापडली, बाई बऱ्या होतील, असं डॉक्टर छातीठोकपणे सांगत होते. अडचण एकच होती. सुमनबाई जेवत नव्हत्या. फोडणीचा वास आला की पोट ढवळायचं, घास तोंडापाशी नेला की हात तिथंच थांबायचा. ज्या बाईच्या हातचं भरीत खायला जळगावहून माणसं यायची, तिला वांगं भाजल्याचा वास सहन होईना. नानांनी केळी दिली, डाळिंबं सोलली, धुळ्याहून सुमनबाईंच्या बहिणीकडून साजूक तुपातले लाडू मागवले. सगळं मुंग्यांनी खाल्लं. "वजन असंच उतरत राहिलं तर पुढचा डोस देता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. हे ऐकून घरी आल्यावर नाना गोठ्यात गेले आणि म्हशीच्या पाठीआड उभे राहून उपरण्यात तोंड घालून रडले.

भूपेंद्र नरडाण्याच्या कारखान्यात कामाला होता. रविवारी आला तसा आईचा दंड हातात धरून बघत बसला. मग ओट्यावर येऊन म्हणाला, "नाना, जळगावला डॉक्टर महेक आहेत. आपल्या अन्वरभाईंची मुलगी. आयुर्वेदाची मोठी डिग्री आहे तिची. किमोच्या पेशंटांना ती विजया म्हणून औषध देते. मळमळ कमी होते, भूक लागते म्हणतात. मोठ्या डॉक्टरांना विचारूनच देते, चिठ्ठीवर मिळतं, सगळं कायद्यात आहे."

"विजया म्हंजे काय?"

भूपेंद्रनं खाली बघितलं. "भांग, नाना. तिच्या पानांचं औषध."

नानांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की ओट्यावर बसलेलं कुत्रं उठून गेलं. "माह्या घरात? पाटीवर नाव कोनाचं हाये? गावची पोरं मले पाहून बिडी फेकतात, अन मी बायकोले भांग पाजू?" आणि वर असं, की अन्वरभाई केळीचे व्यापारी. नानांची केळी वर्षानुवर्षं त्यांच्याच काट्यावर जायची. आज मुलीच्या दवाखान्यात पाय ठेवला की उद्या बापाच्या काट्यावर साऱ्या तालुक्याला खबर. आतल्या खाटेवर सुमनबाईंनी कूस बदलून तोंड भिंतीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन चमचे पेज घेतली आणि तीही बाहेर आली. तोंड पुसून त्या नानांना म्हणाल्या, "जाऊ द्या. कसाले तरास लेतस?" सुमनबाईंचं माहेर शिंदखेडा तालुक्यातलं. असोद्यात उभा जन्म गेला तरी त्यांची अहिराणी काही गेली नव्हती. नाना कोणाला घाबरणारे नव्हते, पण त्या 'जाऊ द्या'ला घाबरले.

आता माणसाचं मन कसं वाकडं चालतं बघा. डॉक्टरकडे गेलं तर चिठ्ठीवर नाव येतं. चोरून आणलं तर नाव कुठंच येत नाही. म्हणजे जे कायद्यानं मिळत होतं ते नानांना पाप वाटलं, आणि जे चोरून आणायचं त्यात त्यांना अब्रू शाबूत दिसली. बरं, चोरून आणायचं कोणाकडून? गावात भांग म्हटलं की एकच नाव. अडला हरी, गाढवाचे पाय धरी!

भर दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, नाना निघाले. कोणी ओळखू नये म्हणून डोक्याला, तोंडाला उपरणं गुंडाळलं, फक्त डोळे उघडे ठेवले. आणि बसले आपल्या पांढऱ्या लुनावर. अख्ख्या गावात पांढरी लुना एकच. "राम राम नाना," पारावरून कोणीतरी म्हणालं. "नाना, ऊन फार हाये, जपून," दुसरं कोणी म्हणालं. लताबाई शेजारीण ओट्यावर लसूण सोलत होत्या, त्यांनी तर विचारलंच, "मळ्यात चालले का नाना?" चोराच्या मनात चांदणं. नानांना वाटलं, सगळ्यांना कळलंय. कळलं कोणालाच नव्हतं, सगळ्यांना फक्त नाना दिसत होते.

चिंधाचा मळा नदीच्या अंगाला होता. मेथी, पोकळा, कोथिंबीर, बांधाबांधानं उंच वाढलेली अंबाडी. पहाटे जुड्या बांधायच्या आणि जळगावच्या बाजारात न्यायच्या, हा त्याचा धंदा. तो जांभळीखाली बसून पालकाची मुळं धुवत होता. लुना बघून तो उठला नाही.

"या नाना. मेथी देऊ का?"

"मेथी नको."

"पालक?"

"पालक नको."

"मंग?"

नानांनी तोंडावरचं उपरणं सोडलं, पुन्हा बांधलं, पुन्हा सोडलं. "ते तुमचं... शंकराचं..."

"बेल?" चिंधा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

"चिंधाभाऊ, काहून छळता? तुमाले समजलं हाये."

"मले काही समजलं नाही. तुमी नाव घ्या, मंग समजीन."

नानांनी इकडंतिकडं पाहिलं. पाणी पाजायच्या मोटारीशिवाय कोणी नव्हतं. "भांग," ते म्हणाले, आणि लाजेनं त्यांचे कान लाल झाले. चिंधा पोट धरून हसला. हसता हसता पालकाची पाटी सांडली. इतक्या वर्षांचं हसू त्यानं त्या जांभळीखाली वसूल केलं. नाना उभे राहिले, ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भूपेंद्रच्या मायसाठी पाह्यजे. तिच्या पोटात अन्न राहत नाही."

चिंधाचं हसू तिथंच थांबलं. सुमनबाई आजारी आहेत हे त्याला ठाऊक होतं. इतक्या थकल्या असतील हे ठाऊक नव्हतं. नानांच्या घरी त्यानं त्यांच्या हातची कितीतरी भरितं खाल्ली होती. तो बराच वेळ बोटांनी मातीत रेघोट्या ओढत राहिला.

"उद्या या याच टायमाले," तो शेवटी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं केळीच्या पानात बांधलेल्या हिरव्या गोळ्या दिल्या. लिंबाएवढ्या, घट्ट वाटलेल्या. आणि पथ्य सांगितलं ते असं: "रोज एक गोळी. लसूण-मिरची तुमीच वाटायची, तेलात तुमीच परतायची. बाहेरच्या बाईचा हात लागू द्यायचा नाही. कळण्याच्या भाकरीसंगं गरम द्यायची. अन त्या खात असतीन तवा समोरून हलायचं नाही. अंगावर आली तं पाहाले माणूस पाह्यजे."

"किती घालाचं मीठ?"

"ते मले काय विचारता? चाखून पाहा."

"मी?" नाना दचकले. "मी बोटसुद्धा लावणार नाही जिभेले."

"बरं," चिंधा म्हणाला, आणि पालकाकडे वळला.

नानांनी उभ्या जन्मात गॅस पेटवला नव्हता. लताबाई भाकरी थापून गेल्या की नाना दार लोटून घ्यायचे. पहिल्या दिवशी लायटर उलटा धरला. तेल इतकं तापवलं की लसूण टाकताच तो छताकडे उडाला आणि नानांच्या टोपीवर उतरला. मीठ अंदाजानं टाकलं, मग टाकलं की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा टाकलं. परतून झाल्यावर साबणानं हात तीनदा धुतले. बोटाला लागलेलं चुकून ओठाला लागेल या भीतीनं दिवसभर मिशीला हात लावला नाही.

सुमनबाईंनी ताटलीकडे पाहिलं. "हाई काय शे?"

"औषध हाये. खाय."

"कोणी दिधं?"

"डॉक्टरनं," नाना म्हणाले. सबंध आयुष्यातलं बहुधा पहिलं खोटं. त्यांचं कपाळ घामानं भरलं.

सुमनबाईंनी भाकरीचा कोपरा मोडला, त्या हिरव्या भाजीला टेकवला, तोंडात घातला. चावता चावता थांबल्या. नानांकडे पाहिलं. टोपीवरच्या लसणाकडे पाहिलं. मग डोळे मिटून तो घास गिळला आणि दुसरा मोडला. चतकोर भाकरी खाल्ली त्यांनी. वर पाणी प्यायल्या, थोडं जास्तच प्यायल्या, आणि पडून राहिल्या. नाना श्वास रोखून बसले होते. बाहेर काही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी अर्धी भाकरी गेली, आणि जेवता जेवता सुमनबाई एकाएकी हसायला लागल्या. नानांची गाळण उडाली. आली अंगावर! त्यांनी बोटं समोर नाचवली. "भूपेंद्रची माय! हे किती? मी कोण हाये? वळखलं का मले?"

सुमनबाईंनी डोळे किलकिले करून पाहिलं. "वळखं ना. पण तुम्हना डोकावर दोन टोप्या कसा दिसी रायन्यात?"

नाना धावत मोरीत गेले, तांब्याभर पाणी आणलं, अर्धं स्वतःच प्यायले. महादेवाला नवस बोलले. त्या दुपारी सुमनबाई गाढ झोपल्या आणि नाना खाटेशी बसून त्यांच्या पोटाचं वरखाली होणं बघत राहिले. भूपेंद्र झाला तेव्हाही ते इतका वेळ त्यांच्याजवळ बसले नव्हते.

गोळ्या संपल्या की लुना पुन्हा मळ्यावर जायची. गावात कुजबुज सुरू झाली, की नाना आणि चिंधाचं मिटलं म्हणे. जळगावच्या डॉक्टरांनी काट्यावर सुमनबाईंना उभं केलं आणि म्हणाले, "छान! काय खायला देता?" नाना म्हणाले, "पालेभाजी." डॉक्टर म्हणाले, "चालू ठेवा," आणि पुढच्या डोसाची तारीख दिली. परतीच्या वाटेवर बसमध्ये नाना खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांच्या डोक्यात चक्रं फिरत होती. ज्या वस्तूनं आपली बायको माघारी आणली ती आपण गटारीत ओतली होती. आणि तिचं नाव घ्यायला आपल्याला उपरणं गुंडाळावं लागतं. नाना हट्टी होते, अडेलतट्टू होते, पण अप्रामाणिक नव्हते. ही चोरी त्यांना पचेना.

दोन ऑक्टोबरला ग्रामसभा असते, आणि तिच्यात दरवर्षी नाना व्यसनमुक्तीची शपथ देतात. यंदाही शाळेच्या पटांगणात माणसं जमली. नाना उभे राहिले, टोपी नीट केली. भाषणाच्या वेळी नाना पुस्तकातलं मराठी बोलतात.

"गावकरी मंडळी, शपथेआधी मला एक सांगायचं आहे. दारू वाईट. तंबाखू वाईट, तिनं आपल्या गावची किती माणसं नेली हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि तिच्या पुड्या अजून बसस्टँडवर लटकतात. त्यांना कोणी अडवत नाही. पण भांग म्हटलं की आपण कानावर हात ठेवतो. मीही ठेवले. नशा आणि औषध आपण एकाच पोत्यात भरून पोत्याचं तोंड शिवून टाकलं. आत कोणाच्या मायचं औषध राहिलं का, ते उघडून पाहिलं नाही."

व्यसनमुक्ती समितीचे सचिव तोताराम चुळबुळले. "नाना, आज औषध म्हणून मोकळीक दिली तर उद्या गावची पोरं बिघडतील."

"पोरांना आजही मिळते, तोताराम. डोंगरात चोरून पिकते, पोलीस उपटतात, पेपरात फोटो येतो, पुढच्या वर्षी पुन्हा पिकते. अंधारात विकणारा वय विचारत नाही. उजेडात आणली, परवाना दिला, डॉक्टरची चिठ्ठी लावली, तर निदान कोणाला द्यायची आणि कोणाला नाही हे तरी ठरवता येईल. दुखणाईताला लागते ती वस्तू चोरून आणावी लागू नये, एवढंच माझं म्हणणं. सरकारनं नीट विचार करावा, आणि आपणही करावा." नानांनी टोपी काढून हातात घेतली. "आणि हे मी ऐकीव सांगत नाही. गेले काही दिवस मी माझ्या बायकोला माझ्या हातानं भांग खाऊ घालतो आहे. चिठ्ठीवर मिळत होती, तरी लाजेपायी मी ती चोरून आणली. तिच्यामुळं बायको आज जेवते. आता पाटीवरचं माझं नाव पुसायचं असेल तर पुसा."

लताबाईंनी पदर तोंडाला लावला. मागच्या रांगेतून कोणीतरी खाकरलं. चिंधा उभा राहत होता.

"नाव राहू द्या पाटीवर," तो म्हणाला. "भांग नव्हती ते. अंबाडी होती."

क्षणभर कोणाला काही समजलं नाही. मग पहिल्यांदा लताबाई हसल्या आणि पाठोपाठ सारं पटांगण हसलं. पालेभाज्यांच्या गावात जन्म काढलेल्या शेतकऱ्यानं अंबाडीची भाजी भांग म्हणून चोरून रांधली होती! नाना मात्र उभेच. "तू... तू मले फसवलं?" शेवटी ते म्हणाले. पुस्तकातलं मराठी गेलं कुठल्या कुठं.

"फसवलं," चिंधा म्हणाला. तो आता हसत नव्हता. "माह्यापाशी भांग नव्हतीच. शेवटची तूच गटारीत ओतली. अन असती तरी किमो चालू असलेल्या बाईले मी कोणत्या अकलीनं देऊ? किती द्यायची, कोणत्या औषधासंगं चालते, मले काय मालूम? मी भजन म्हणणारा माणूस. म्हटलं, आंबट हाये, तोंडाले चव येईन, अन तू समोर बसशीन तं दोन घास जास्त जातीन. पण लोटन, तू म्हणतो ते खरं हाये. माह्या जागी दुसरा असता तं त्यानं पानात काय बांधून देलं असतं? अन तू जाऊन कोनाले विचारलं असतं? चोरून घेणाऱ्याले विचाराची सोय नसते. आता डोस झाला की पुन्हा मळमळ होईन, तवा अंबाडी पुरणार नाही. उद्या उजेडी अन्वरभाईच्या डॉक्टर पोरीकडे जा, ती चिठ्ठीवर देते. उपरणं खांद्यावर ठेव."

गाव हसत होतं, पण नानांना सगळ्या बोलण्यात एकच शब्द ऐकू आला होता. तो म्हणाला, लोटन.

घरी पोचले तोवर बातमी त्यांच्या आधी पोचली होती. सुमनबाई खाटेवर उशाला टेकून बसल्या होत्या आणि डोळे पुसत होत्या. हसून हसून आलेलं पाणी होतं ते. नानांनी टोपी खुंटीला लावली. "तुले कळलं?"

"माले ते पहिला घासलेच समजनं. अंबाडी शे म्हनीसन."

"पहिल्या? अन त्या दोन टोप्या?"

सुमनबाई पुन्हा हसायला लागल्या. नाना खाटेच्या काठावर बसले. खरं तर त्यांना चिडायचं होतं, पण चीड सापडेना. "मंग बोलली काहून नाही?"

"कसाले बोलू? इतला वरीसमा तुम्ही कधी चुल्हाजोडे उनात का?" त्या म्हणाल्या. नाना खरंच चुलीपाशी कधी आले नव्हते. मग हसू थांबलं, आणि त्यांनी नानांच्या हातावर, तेल उडून भाजलेल्या जागेवर, बोट ठेवलं. "मन्हासाठे तुम्ही चोरी कराले निंघनात. तुम्ही! मी म्हनं, आते मराले जमाव नही."

नानांनी तो हात तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी ते दोघं जळगावला गेले, दिवसाढवळ्या, आणि नानांचं उपरणं खांद्यावर होतं. डॉक्टर महेक तिशीच्या, बोलायला गोड. त्यांनी सुमनबाईंची सगळी कागदपत्रं वाचली, समोरच किमोच्या डॉक्टरांना फोन लावला, आणि मग समजावून सांगितलं. "आजी, आयुर्वेदात हिला विजया म्हणतात. मळमळ, भूक, झोप, दुखणं यासाठी ती पूर्वीपासून वापरतात. गांजा म्हणजे फुलोरा, त्याला कायद्यानं बंदी आहे. हे पानाचं औषध आहे, परवाना असलेल्या कारखान्यातलं. गाठ यानं बरी होत नाही, तसं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्यासाठी किमोच. पण किमो सोसायला हे मदत करेल. थोड्या थेंबांपासून सुरू करू, आणि काही वेगळं वाटलं तर मला लगेच फोन."

"दोन टोप्या दिसल्या तर?" नानांनी विचारलं.

"काय?"

"काही नाही, काही नाही."

बाहेर पडताना अन्वरभाई दारातच भेटले, मुलीचा डबा घेऊन आले होते. "क्या नाना, इकडं कुठं?" नानांनी बाटली खिशातून काढून त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. "विजया. भांगेचं औषध हाये. बायकोसाठी. चिठ्ठी हाये माह्यापाशी." शेजारच्या रिक्षावाल्यानंही वळून पाहिलं इतक्या मोठ्यानं ते म्हणाले. अन्वरभाईंनी दोन्ही हात वर करून म्हटलं, "अल्ला भाभीजींना बरं करो," आणि केळीच्या भावाचं बोलायला लागले.

डोस झाला. या वेळी मळमळ आली, पण आधीसारखी आडवं करून गेली नाही. थेंब घेतले की सुमनबाईंना झोप लागायची आणि उठल्यावर भूक. नानांनी रोजचे थेंब मोजून दिले, आणि बाटली देव्हाऱ्याशेजारी, कोणाही आल्यागेल्याला दिसेल अशी ठेवली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ओट्यावर चप्पल वाजली. चिंधा होता. इतक्या वर्षांनी उंबऱ्यापाशी येऊन तो जरा घुटमळला. काखेत अंबाडीची कोवळी जुडी होती. "म्हटलं, पेशंटले पाहून यावं," तो म्हणाला.

"ये," नाना म्हणाले. "बस. मी रांधतो." आणि खरंच रांधलं. आता लायटर सरळ धरता येत होता. लसूण ठेचला, मिरची वाटली, मीठ अंदाजानं टाकलं आणि मग टाकलं की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा टाकलं. तीन ताटल्या घेतल्या. भांग नव्हती, शपथ आड येत नव्हती, म्हणून नानांनी या वेळी पहिला घास स्वतःच घेतला.

त्यांचे डोळे पाण्यानं भरले. मीठ दुप्पट होतं. लसूण जळून कडू झाला होता. अंबाडी धुतली नव्हती, दाताखाली नदीकाठची वाळू कचकचली. समोर चिंधानं घास तोंडात घेऊन चेहरा फिरवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे टक लावून बघायला लागला. नानांनी तांब्या उचलला, घटाघटा पाणी प्यायले, आणि बायकोकडे वळले. सुमनबाई शांतपणे दुसरा घास मोडत होत्या.

"हे असं... सगळं तू रोज खाल्लं?"

"बठ्ठं," सुमनबाई म्हणाल्या. "तुम्ही समोर बशेल व्हतात ना."